साठ अंशांचा उतार

हरिहर उपासनींनी आयुष्यात एकवीस खाणींचे प्लांट काढले आणि खाण एकही पाहिली नाही. काढले म्हणजे कागदावर काढले. चिंचवड स्टेशनच्या मागे एका चार मजली इमारतीत त्यांचं डिझाइन ऑफिस होतं. खाणीतून निघालेलं लोहखनिज फोडायचं, चाळायचं, धुवायचं, त्यातली माती वेगळी करायची आणि उरलेला चांगला माल पोलाद कारखान्याकडे पाठवायचा, अशा सगळ्या अजस्र प्लांटचा जन्म या इमारतीत व्हायचा. तिथून ते छत्तीसगडला, कर्नाटकात, ओडिशात जाऊन उभे राहायचे. इंजिनियर लोक विमानाने साइटवर जात, परत येऊन तिथल्या ढाब्यांच्या गोष्टी सांगत. ड्राफ्ट्समनला कोण विमानात बसवतो? तो आपला चहा पिऊन पुढची रेघ मारतो.

हरिहरना याचं वाईट वाटायचं का? थोडं वाटायचं. पण त्याहून जास्त कुतूहल वाटायचं. हा माणूस सत्तावन्न वर्षांचा झाला तरी त्याची "असं का?" ही खोड गेली नव्हती. प्राधिकरणातल्या बागेत एकदा ते घसरगुंडीला मोबाइल टेकवून तिचा कोन मोजत उभे होते. वॉचमनने येऊन दरडावलं, "काका, काय काम आहे?" घरी आल्यावर त्यांनी हे सुमनताईंना हसत हसत सांगितलं. सुमनताई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "अहो, उद्या पोलिसात देतील," त्या म्हणाल्या, "आणि सोडवायला मला यावं लागेल."

तर अशा या हरिहरना निवृत्तीला आठ महिने उरले असताना ऑफिसात एक मोठं काम आलं. ओडिशातल्या एका प्रचंड खाणीवर लोहखनिजाचा नवा प्लांट. त्याच खाणीवर आधीचा एक प्लांट अकरा वर्षांपूर्वी उभा राहिला होता आणि त्याची ड्रॉइंगही हरिहरांनीच काढली होती. नव्या कामाची प्रमुख होती अरुंधती. वय चाळीस, बोलणं तडकाफडकी, डोकं स्वच्छ. ती ऑफिसात नवी लागली तेव्हा तिला ड्रॉइंग वाचायला हरिहरांनी शिकवलं होतं. त्यामुळे ती त्यांना काका म्हणायची आणि काम मात्र चोख करवून घ्यायची. निवृत्तीनंतर दोन वर्षं त्यांना सल्लागार म्हणून ठेवायचं असं तिने बोलूनही दाखवलं होतं. हरिहर त्या दोन वर्षांवर नजर ठेवून होते. रिकामं बसणं त्यांना जमणार नव्हतं आणि सुमनताईंना ते घरात दिवसभर सोसवणार नव्हते.

अरुंधतीने एक नवीनच टूम काढली होती. नवा प्लांट आखायच्या आधी जुना चालवणाऱ्या माणसांशी बोलायचं. ऑफिसातल्या जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. फिटरला काय कळतं लेआउटमधलं? पण ती ऐकणारी नव्हती. जानेवारीतल्या एका सकाळी तिने व्हिडिओ कॉल लावला आणि पडद्यावर हेल्मेट घातलेला एक माणूस आला. नाव भीमराज, मूळचा भंडाऱ्याचा. जुन्या प्लांटवर पहिल्या दिवसापासून मेंटेनन्सचा फिटर.

भीमराजने फार बोलण्यात वेळ घालवला नाही. मोबाइल हातात घेऊन तो लोखंडी जिने चढत गेला आणि एका शूटपाशी थांबला. शूट म्हणजे पोलादी पत्र्याची बंदिस्त घसरगुंडी. वरच्या सरकत्या पट्ट्यावरून आलेला माल तिच्यातून खालच्या पट्ट्यावर सोडायचा. या शूटच्या दोन्ही बाजू पोचे पडून पार खडबडीत झाल्या होत्या, एक हातभर जागा सपाट उरली नव्हती. शेजारी खांबाला एक घन टांगलेला होता.

"साहेब, पावसाळ्यात मालात चिकणमाती येते," भीमराज म्हणाला. "मंग तो आत चिकटून बसते. चार महिने आमी इथे घनच हाणत राहतो. एक विचारू का?"

"विचारा ना," हरिहर म्हणाले.

"हा उतार साठचाच काऊन ठेवला जी?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. हरिहर चटकन म्हणाले, "स्टँडर्ड आहे तो."

"हो का," भीमराज म्हणाला. त्या "हो का"मध्ये राग नव्हता, टोमणाही नव्हता. माणसाला खरंच कारण हवं होतं आणि ते मिळालं नव्हतं. आपण शाळेतल्या कंटाळलेल्या मास्तरासारखं उत्तर दिलं हे हरिहरना फोन बंद व्हायच्या आतच कळलं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला नाही. स्टँडर्ड, म्हणजे कुणाचं? त्यांनी कॉम्प्युटरवर अकरा वर्षांपूर्वीचं ड्रॉइंग उघडलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात आधीच्या ड्रॉइंगचा नंबर होता. ऑफिसची रीतच तशी. नवं काम आलं की जुन्यातलं जवळचं ड्रॉइंग उचलायचं, "सेव्ह ॲज" करायचं, मापं बदलायची, नाव बदलायचं. त्यात लबाडी नाही, सगळीकडे असंच चालतं आणि वेळ वाचतो. तो नंबर धरून ते मागे गेले. कर्नाटकातला प्लांट, शूट साठ अंश. त्याच्या मागे छत्तीसगडमधला एक, साठ अंश. त्याच्या मागे अजून एक, तोही साठच. माप बदललं होतं, रुंदी बदलली होती, पट्ट्यांचा वेग बदलला होता. साठ मात्र कुणी हलवला नव्हता.

दोन दिवस त्यांना दुसरं काही सुचेना. आता गंमतच वाटायला लागली होती. नदीचा उगम शोधायला निघाल्यासारखे ते रोज संध्याकाळी एक ड्रॉइंग मागे जात होते. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर संपला. त्याच्या मागचं ड्रॉइंग हाताने काढलेलं होतं आणि ते तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये पत्र्याच्या नळकांड्यात होतं.

नळकांडं उघडल्यावर ट्रेसिंग पेपरचा तो ओळखीचा वास आला. हरिहरांनी गुंडाळी टेबलावर पसरली, चारही कोपऱ्यांवर फायली ठेवल्या. सन एकोणीसशे त्र्याण्णव. काळ्या शाईतली सुबक रेघ, ओळखीचं अक्षर. ड्रॉइंग कुणी काढलं त्या चौकटीत सही होती: एच. उपासनी.

उगम ते स्वतःच होते.

आणि मग त्यांना सगळं आठवलं. त्या वेळी ते सव्वीस वर्षांचे. ड्रॉइंग बोर्डाला जोडलेलं कोन मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. शूटचा कोन किती ठेवू, असं विचारायला ते साहेबांच्या केबिनमध्ये गेले, तर साहेब बाहेर निघाले होते. "तू काढून ठेव रे, अंश मागाहून बघू," असं जिन्यातून म्हणाले. हरिहरांच्या हातात सेट स्क्वेअर होता, शाळेच्या कंपासपेटीतला गुण्याच तो, फक्त मोठा. त्याला कोन तीनच: तीस, साठ, नव्वद. तीसवर काही घसरणार नाही, नव्वदला शूट म्हणत नाहीत. त्यांनी साठची रेघ मारली.

रेघेशेजारी त्यांनी फिकट निळ्या पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: "६०? विचारणे." ते अजून तिथेच होतं. ड्राफ्ट्समन मंडळी स्वतःसाठीच्या नोंदी निळ्या पेन्सिलीने करत, कारण अमोनिया प्रिंट काढली की काळी शाई उमटायची आणि निळी पेन्सिल उमटायची नाही. प्रिंट स्वच्छ यायची. साहेबांनी प्रिंटवर सही केली. प्रिंट साइटवर गेली, पत्रा कापला गेला, प्लांट उभा राहिला. प्रश्नचिन्ह नळकांड्यात राहिलं. त्या खाणीतला माल कोरडा आणि खडेदार असल्यामुळे सगळं सुरळीत चाललं, आणि चाललं म्हणून ते स्टँडर्ड झालं.

हरिहर तिथल्या स्टुलावर बसले. त्यांना लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर लाजेच्या आत थोडं आश्चर्यही होतं. प्लास्टिकचा एक तुकडा एकवीस खाणींवर राज्य करत होता!

घरी सुमनताईंनी सगळं ऐकून घेतलं. "मग आता?" त्या म्हणाल्या.

"आता काय, सांगायचं म्हणजे कोन वाढवायचा. कोन वाढला की बिल्डिंग उंच होणार, पट्टे लांबणार. लेआउट वीस तारखेला गोठवायचाय, त्यानंतर बदल नाही. दहा दिवस राहिलेत. आणि सांगायचं काय, तर गेली एकतीस वर्षं मी ज्याला स्टँडर्ड म्हणत होतो तो माझा गुण्या होता. त्यानंतर कोण मला सल्लागार नेमतोय?"

"तुम्ही नाही सांगितलंत तर कुणाला कळेल का?"

"नाही."

"कुणी विचारलंय का?"

"एका माणसाने विचारलंय," ते म्हणाले.

सुमनताईंनी भाजीला फोडणी दिली, मग त्या म्हणाल्या, "साठ चूक, हे कळलं. बरोबर किती ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?"

बाईने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. ते ठाऊक नव्हतं.

खाणीतून तपासणीसाठी आलेल्या मालाचे दोन ड्रम ऑफिसच्या मागे पडून होते. ते टेम्पोत टाकून हरिहर गुरुवारी भोसरीला गेले. गुरुवार मुद्दाम निवडला. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. विजेचा भार वाटून घ्यायला कधीकाळी ठरलेला हा वार. आता नव्या पोरांना विचारलं की गुरुवारीच का, तर बहुतेकांना सांगता येत नाही, पण शटर मात्र सगळे खाली ओढतात. एरवी हरिहरना याचं हसू आलं असतं. आज आलं नाही.

भोसरीत दादासाहेबांची फॅब्रिकेशनची शेड होती. दादासाहेब चाकणच्या बाजूच्या एका गावचे, घरी अजून बटाट्याचं शेत, आणि इथे पंचवीस वर्षं पत्रा कापण्याचा धंदा. हरिहरांची ओळख जुनी. त्यांच्या सांगण्यावरून दादासाहेबांनी आठ फुटांची एक पत्र्याची पन्हळ करून ठेवली होती. खालच्या टोकाला बिजागरी, वरचं टोक चेन पुलीने उचलायचं. बंद शेडमध्ये दोघेच होते.

हरिहरांनी ड्रम उघडला आणि हात आत घातला. इतक्या वर्षांनी त्यांनी लोहखनिज पहिल्यांदा हातात घेतलं. लालसर तपकिरी भुगा, त्यात काळे चमकदार खडे, आणि अंदाजापेक्षा कितीतरी जड. मूठ उघडली तर तळहात गेरूने माखल्यासारखा झाला होता.

"पहिल्यांदा बघताय व्हय?" दादासाहेबांनी विचारलं.

"हो ना राव."

कोरडा माल पन्हळीत टाकून पुलीने उचलला, तर चाळीस अंशांवरच तो सरसर खाली आला. पाणी मिसळून चिखलासारखा केला तर साठला बराचसा आला, थोडा मागे राहिला. हरिहर जरा सावरले. म्हणजे साठ अगदीच काही वाईट नव्हता? त्यांनी वहीत आकडा लिहायला पेन काढलं.

"आसं न्हाई चालायचं," दादासाहेब म्हणाले. "आता ओतला आन् आता सोडला, तर कायबी घसरंल. आमी वल्या वावरात नांगर घातला की फाळाला माती लागती, ती लगी काढली तर निघती. जेवून येऊस्तवर ठिवली, की खरवडावी लागती. तुमचा प्लांट बंद पडला, माल आतमंदी बसून ऱ्हायला, मंग काय?"

पेन परत खिशात गेलं. प्लांट थांबतो, पट्टे भरलेले असतात, शूटमध्ये माल स्वतःच्या वजनाखाली दबून बसतो. भीमराजचा घन तेव्हाच चालत असणार. त्यांनी ओला माल पन्हळीत भरला, वर फळी टाकली, फळीवर लोखंडाचे तुकडे रचले आणि दोघे जेवायला गेले. दादासाहेबांनी घरून भाकरी आणि पिठलं आणलं होतं. जेवून झाल्यावरही हरिहरांनी हट्टाने तीन तास जाऊ दिले.

संध्याकाळी वजनं काढली आणि पुली ओढायला सुरुवात केली. साठ. कणही हलला नाही. पासष्ट. काही नाही. अडुसष्टला वरच्या बाजूला एक भेग पडली. सत्तरला वरचा ढेकळाएवढा तुकडा सुटला आणि बाकीचं तसंच चिकटून राहिलं. दादासाहेब साखळीची एकेक कडी ओढत होते, हरिहर मोबाइल टेकवून अंश वाचत होते. बहात्तर म्हणायला आणि अख्खा थर धाडकन खाली यायला एकच गाठ पडली. पन्हळ स्वच्छ. दादासाहेबांनी दचकून उडी मारली आणि हरिहर शेडमध्ये एकटेच टाळ्या वाजवत हसायला लागले. त्या दोन मिनिटांत त्यांना सल्लागारपद आठवलं नाही, लेआउट आठवला नाही, काहीही आठवलं नाही. उत्तर मिळालं होतं.

खात्री करायला पुढच्या दोन दिवसांत त्यांनी सकाळी माल दाबून ठेवायचा, जेवणाच्या सुट्टीत सोडायचा, पुन्हा भरून संध्याकाळी सोडायचा, असा तोच खेळ अजून चार वेळा केला. उत्तर एक-दीड अंशाने इकडेतिकडे, पण तेच. सोमवारी ते अरुंधतीच्या केबिनमध्ये गेले. एका हातात ट्रेसिंगची गुंडाळी, दुसऱ्या हातात वही. लेआउट गोठवायला तीन दिवस होते.

त्यांनी काही लपवलं नाही. यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, साहेब जिन्यात होते, हातात गुण्या होता. अरुंधतीने निळं प्रश्नचिन्ह वाकून पाहिलं. मग खुर्चीत मागे टेकली.

"काका, तुम्हाला हे कळून किती दिवस झाले?"

"मागच्या सोमवारी कळलं."

"आणि तुम्ही मला आज सांगताय? सात दिवस? मी तेवढ्यात वर किती जणांना शब्द देऊन बसले आहे, कल्पना आहे तुम्हाला?" ती खरोखर चिडली होती आणि तिचं चिडणं बरोबर होतं. हरिहर उभे राहिले. आपण बरोबर आकडा शोधत होतो, असं ते म्हणू शकले असते. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे भीती.

"चुकलंच," ते म्हणाले. "घाबरलो होतो."

अरुंधतीचा आवाज जरा खाली आला. तिने वही ओढून घेतली, आकडे पाहिले, मग पुन्हा पाहिले. "दाबून ठेवून मग सोडायचं, हे कुणाला सुचलं?"

"दादासाहेबांना. बटाटे लावतात ते."

"मीटिंगमध्ये तुम्हीच सांगायचं. सगळं. गुण्यासकट."

हरिहरांनी सांगितलं. पडद्याच्या पलीकडे खाणीचे मोठे साहेब होते. बिल्डिंग साडेतीन मीटरने उंच होणार हे ऐकून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. एकजण तर म्हणाला, इतकी वर्षं चाललंय की! तेव्हा अरुंधतीने भीमराजच्या व्हिडिओतलं ते पोचे पडलेलं शूट पडद्यावर लावलं आणि तसंच राहू दिलं. वीस तारीख टळली, लेआउट महिनाभर उशिरा गोठला. कोन मात्र बहात्तर झाला. ऑफिसात दोन-तीन जण हरिहरना मागून "साठे" म्हणायला लागले. सल्लागारपदाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही आणि हरिहरांनीही विचारलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी निवृत्ती होती. त्याच्या पंधरा दिवस आधी अरुंधतीने त्यांच्या टेबलावर एक लिफाफा आणून ठेवला. आत विमानाचं तिकीट होतं. "जाऊन या काका," ती म्हणाली. "एकदा बघून तर या."

खाणीच्या काठावरून हरिहर अर्धा तास बघत होते. डोंगराला पायऱ्या पाडत नेल्या होत्या, लालभडक, ढगात शिरलेल्या, आणि त्यांच्यावरून जाणारे प्रचंड डंपर किड्यामुंगीएवढे दिसत होते. नव्या प्लांटचे पाये खणले जात होते. जुन्यात भीमराज त्यांची वाट बघत उभा होता. पडद्यावर वाटला त्याहून बुटका, उजवा खांदा जरा उतरलेला.

दोघे लोखंडी जिने चढून त्या शूटपाशी गेले. हरिहरांनी पिशवीतून जुना सेट स्क्वेअर काढला. प्लास्टिक पिवळं पडलं होतं, एक टोक तुटलं होतं. त्यांनी त्याची एक बाजू खालच्या आडव्या बीमला टेकवली आणि तिरपी बाजू शूटला लावली. कडेपासून कडेपर्यंत ती चिकटून बसली, मधे कागद सरकायलाही फट नव्हती. कारागिरांनी त्यांची रेघ अगदी इमानाने पाळली होती.

"साहेब, काय पाहून राहिले?" भीमराजने विचारलं.

"तुम्ही विचारलं होतंत ना, साठच का म्हणून? त्या दिवशी मी खोटं सांगितलं. स्टँडर्ड वगैरे काही नव्हतं. हा माझ्या हातात होता, म्हणून साठ."

भीमराजने गुण्या हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, शूटला लावून स्वतः बघितला. वरून ओला माल थबथबत येत होता आणि आत कुठेतरी बसत होता. खालचा पट्टा रिकामा फिरायला लागला.

"एवढंच होतं?" तो म्हणाला.

"एवढंच."

भीमराजने गुण्या परत दिला. मग डाव्या हाताने खांबावरचा घन काढला आणि हरिहरांच्या पुढे धरला.

हरिहरांनी तो घेतला. अंदाजापेक्षा जड होता. त्यांनी पाय रोवले, घन उचलला आणि शूटवर हाणला. आवाज कानात घुमला आणि झणका मनगटातून थेट खांद्यापर्यंत गेला. आतून मूठभर माती खाली पडली.

"अजून हाणा, साहेब," भीमराज म्हणाला. "एवढ्यानं नाही पडत."